सोबतीचा रकाना

गेल्या महिन्यात नगरच्या कॉलेजातले एक प्राध्यापक माझ्याकडे आले होते. माझ्या पक्ष्यांच्या वह्या त्यांना उतरवून घ्यायच्या होत्या. पंचवीस-तीस वर्षांच्या वह्या. कोणता पक्षी कधी आला, कधी गेला, वारा कुठला होता, एवढंच त्यांत. पानांवर मी पट्टीनं रकाने आखलेले आहेत: तिथी, जागा, पक्षी, संख्या, आणि शेवटचा रकाना ‘सोबत’.

चहा पिता पिता त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. लढाईच्या दिवसांतलं, फाल्गुनातलं पान. ‘करकोचे. तळ्यावरून उत्तरेकडे गेले. दुपारी साडेतीन. ३१२.’

“गुरुजी, बाकी सगळीकडे तुम्ही ‘सुमारे’ लिहिलंय. सुमारे दोनशे, सुमारे चाळीस. इथंच तेवढं ‘सुमारे’ नाही. उडत्या थव्यातले तीनशे बारा करकोचे एकट्यानं मोजलेत कसे?”

शेवटच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: कोणी नाही.

“तरुण होतो, नजर चांगली होती,” मी म्हणालो. ते हसले आणि पुढचं पान उतरवायला लागले.

त्या पानावरची संख्या खरी आहे. शेवटचा रकाना खोटा आहे. ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, मुलांना तर नाहीच. आता पन्नाशी उलटून गेली. आणखी थांबलो तर राहूनच जाईल, म्हणून लिहितो.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. खर्ड्यापासून तीन-चार कोसांवरच्या एका गावी लोकल बोर्डाच्या शाळेत दुय्यम शिक्षक होतो. नोकरी कच्ची. आमच्या घराण्यात भिक्षुकी आणि मास्तरकी सोडून तिसरं काही कोणी केलेलं नाही. पक्ष्यांचा नाद तर कोणालाच नव्हता. मला तो लागला एकटेपणापायी. गावात मान होता, ‘गुरुजी गुरुजी’ होतं, पण शाळा सुटल्यावर बोलायला माणूस नव्हतं. भिंगारला छावणीतल्या एका सोल्जराकडून घेतलेली जुनी दुर्बीण होती, ती गळ्यात अडकवून मी माळावर जाऊन बसायचो.

दुर्बीण होती, पण पक्षी कळत नव्हते. एकदा हरभऱ्याच्या रानात करकोचे उतरले होते. मी पोटावर सरपटत त्यांच्याकडे निघालो, आणि दोनशे हात अलीकडेच सगळा थवा उठला. मागून हसण्याचा आवाज आला. बघतो तर बांधावर एक माणूस उकिडवा बसलेला, बाजूला एक हडकुळी तांबडी गाय.

“गुरुजी, तुमी पाखरं बघाया आलाय का राखणीला?” तो म्हणाला. “शेतकऱ्याला सांगा, गोफण फेकून दे, गुरुजी ठिव.”

तो फासेपारधी होता. गावाबाहेर माळावर त्याचं पाल होतं. बायको, एक लहान मुलगी, दोन कुत्री आणि ही गाय. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा असेल. गावात लहानथोर त्याला एकेरी नावानं हाका मारत, आणि मीही तेच करत होतो.

त्या काळी पारध्यांवर कायदा होता. जन्मानंच गुन्हेगार धरलेली माणसं. त्याला रोज सकाळी आणि संध्याकाळी दिवेलागणीला चावडीवर पोलीस पाटलापुढं हजेरी द्यावी लागे. पाटील रजिस्टर उघडत, त्याचं आणि त्याच्या बापाचं नाव पुकारत. तो ‘हाय’ म्हणे आणि अंगठा उठवी. हजेरी चुकली की तोच गुन्हा. आमची शाळा चावडीला लागूनच. पाढ्यांच्या गलक्यात त्याचं ते ‘हाय’ मला रोज ऐकू यायचं. मला त्यात काही वावगं वाटलं होतं, असं आता म्हणणं खोटं होईल. घंटा व्हावी तसं ते होतं.

त्याची गाय शिकवलेली होती. ती चरत चरत, जराही घाई न करता, थव्याच्या दिशेनं सरकायची आणि तो तिच्या पोटाआड वाकून चालायचा. गुरांना करकोचे भीत नाहीत. अशा आडोशानं तो फास मांडायच्या जागेपर्यंत पोचायचा. मला त्यानं हीच विद्या दिली. पहिल्या दिवशी त्या गाईच्या पोटाआड वाकून मी करकोच्यांच्या इतक्या जवळ गेलो की दुर्बीण लागलीच नाही. डोळ्यामागून निघालेला पांढऱ्या पिसांचा तुरा, गळ्यावरून छातीवर लोंबणारी काळी पिसं, आणि तो तांबडा डोळा. माझ्या तोंडून आवाज निघणार तोच त्यानं माझ्या दंडाला चिमटा काढला.

त्यानं माझ्यासोबत असताना कधी फास मांडला नाही. मी सांगितलं नव्हतं. तोच म्हणाला होता, “तुमच्या वक्ताला नगं. तुमी बघा, मी बी बघतो.”

फाल्गुनात करकोचे परत जातात. उत्तरेकडे, डोंगरांपलीकडे कुठंतरी. त्याला ते ठिकाण माहीत नव्हतं, मलाही पुस्तकापुरतंच. पण निघायचा दिवस त्याला कळायचा. आधी दोन-तीन दिवस थवे वर चढतात, घिरट्या घालतात आणि पुन्हा उतरतात. “अंगात बळ हाय का ते बघत्यात,” असं तो सांगायचा. एका संध्याकाळी हजेरी देऊन तो शाळेच्या ओट्यापाशी आला. “गुरुजी, उंद्या जात्याल. थोरल्या तळ्यावर समदी गोळा झाल्यात.”

थोरलं तळं चार कोस लांब. जुन्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लोकांकडून खोदून घेतलेलं. शाळेला सुट्टी नव्हती, इन्स्पेक्शन तोंडावर आलेलं. मी हेडमास्तरांच्या घरी चिठ्ठी पाठवली: अंगात ताप भरल्यामुळे उद्या येणे होणार नाही. असल्या चिठ्ठ्या कोण लिहीत नाही? पण ती लिहिताना मला जरा मौज वाटली होती, हे आठवतं.

पहाटे तो चावडीवर राखणीला असलेल्या जागल्याला उठवून सकाळची हजेरी देऊन आला. आम्ही आणि गाय, असे तिघं गावाच्या मागल्या अंगानं निघालो. उजाडलं तेव्हा पळस पेटलेले होते आणि भोरड्यांचे थवे त्या फुलांवर भांडत होते. त्यांतला एक थवा उठून असा काही वळला की जणू काळ्या-गुलाबी रंगाची चादर कोणी झटकावी. तळ्याच्या कडेला परीट पक्षी शेपट्या हलवत होते, मधोमध चक्रवाकांच्या दोन जोड्या. आणि पलीकडच्या काठावर राखी रंगाचा एक पट्टा. तो पट्टा म्हणजे करकोचे.

आभाळ मात्र भरून आलं होतं. ऊन नव्हतं. “जमीन तापल्याबिगर उठत न्हाईत,” तो म्हणाला. “खालची हवा वर चढाया लागली की तिच्यावर बसून जात्यात. आपन गाडीत बसतो तसं.”

“तू कधी बसलायस गाडीत?”

“येकदा. बेड्या घालून.” आणि तो हसला.

दुपार झाली. माझी दशमी कधीच संपली होती. त्यानं फडक्यातून भाकरी काढली, चटणी काढली, अर्धी तोडून माझ्यापुढं धरली. धरताना हात जरा मागं घेतला, म्हणजे मला नको असेल तर नको म्हणता यावं. मी घेतली. त्याच्या भोपळ्यातलं पाणीही प्यायलो. आजूबाजूला माणूस नव्हतं, म्हणून ते सोपं होतं.

दोनच्या सुमाराला तो उठला. “गुरुजी, आता फिराया पायजे. गाय हाय संगं, हळू चालनार. हजेरी हाय.”

ढग तेव्हा पश्चिमेकडून फाटायला लागले होते. तळ्यावर पहिली तिरीप पडली होती. मी म्हणालो, “थोडा थांब रे. पाटलांना मी सांगतो. माझ्यासोबत होता म्हणून सांगतो. मग तर झालं?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. “तुमी सांगताल?”

“मी सांगेन.”

तो पुन्हा बसला.

साडेतीनला ते उठले. त्याला आधी कळलं, थवा जमिनीवर असतानाच त्यानं मान तिरकी केली आणि म्हणाला, “आवाज बदलला.” मला काही फरक कळला नव्हता. मग पलीकडचा सगळा काठच उचलल्यासारखा झाला. ते गोल फिरत वर चढू लागले, एकाच्या वर एक, आणि वरून त्यांचं ते ‘क्रुर्र, क्रुर्र’ झडू लागलं. मी दुर्बीण लावून बसलो. त्यानं मांडीपाशी खडे गोळा केले होते. तो विसा-विसानं मोजत होता, दर विशीला एक खडा उजवीकडून डावीकडे. वर गेल्यावर थव्याची एक रेघ झाली, मग रेघेचा बाण झाला, आणि ते उत्तरेला गेले. आवाज त्यांच्यामागून बराच वेळ येत राहिला. मला ऐकू येईनासा झाल्यावरही तो मान तिरकी करून ऐकत होता.

“पंधरा विसा आन् वर बारा,” तो म्हणाला.

मी ते लिहिलं. तीनशे बारा. शेवटच्या रकान्यात त्याचं नावही लिहिलं.

गावाजवळ आलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. चावडीवर कंदील दिसत होता. तो थांबला, मी त्याच्याबरोबर चावडीवर यावं म्हणून थांबला. मला तापाची चिठ्ठी आठवली. “तू पालावर जा,” मी म्हणालो. “सकाळी शाळेत जाताना मी पाटलांना सांगतो. आत्ता मी तिथं दिसून चालायचं नाही.” तो गाईला घेऊन माळाकडे वळला. मी मागल्या बोळानं खोलीवर गेलो.

त्याच तिन्हीसांजेला गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या वाड्यामागून दोन शेळ्या गेल्या होत्या. मला ते सकाळी कळलं. चावडीपुढं माणसं जमली होती, ठाण्यावरून हवालदार आला होता. पारधी मधोमध जमिनीवर बसला होता, हात मागं बांधलेले. ओठ फुटलेला होता. मी गळ्याला आणि कानाला मफलर गुंडाळून, आजारातून उठल्यासारखा निघालो होतो. शाळेच्या दारापर्यंत पोचलो, तेवढ्यात घोळक्यातलं बोलणं ऐकू आलं.

“काल सांजच्याला कुठं हुतास?” पाटील विचारत होते.

“थोरल्या तळ्यावं.”

“काय करत हुतास?”

“पाखरं बघत हुतो.”

हशा पिकला. “पाखरं बघत हुता! पारधी आन् नुसती बघतोय!”

“मारली किती?” हवालदारानं विचारलं.

“येक बी न्हाई.”

“फास किती मांडलं?”

“न्हाई मांडलं. गुरुजी संगं हुते. गुरुजी आन् माजी गाय.”

“मग आदी गाईची साक्ष काढा!” कोणीतरी मागून ओरडलं, आणि माणसं पोट धरधरून हसली. पारध्यानं दिवसभर तळ्यावर बसावं, एकही पाखरू न मारता परत यावं, आणि तेही ब्राह्मण मास्तराला सोबत घेऊन. त्यानं खरं सांगितलं होतं, आणि गावात त्याहून हास्यास्पद कोणी काही बोललं नव्हतं.

पाटलांनी मला पाहिलं. “या गुरुजी, बरं झालं आलात.” ते अदबीनंच बोलले, मला बसायला घोंगडी सरकवली. हेडमास्तरही तिथंच उभे होते, माझी चिठ्ठी ज्यांच्या घरी होती ते. “ह्यो म्हंतोय तुमी काल ह्याच्यासंगं तळ्यावर हुता. तुमास्नी तर ताप हुता न्हवं?”

आता मला लपवाछपवी करायची नाही. मला विचार करायला वेळ मिळाला होता. एकदम तोंडून निघून गेलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. तसं नव्हतं. मी घोंगडीवर बसलो, मफलर नीट केला, खोकलो. तेवढ्या वेळात माझ्या मनातून काय काय गेलं, ते मला अजून एकेक आठवतं. आणि मग म्हणालो, “मी घरी होतो.”

तो माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडाकडे नव्हे, पायांकडे. मीही खाली पाहिलं. धोतर कालचंच होतं. काठाला कुसळं तशीच टोचून राहिली होती, गुडघ्यापर्यंत, माळावरच्या गवताची. गावातल्या गावात ती कोणाच्या धोतराला लागत नाहीत. जमिनीवरच्या खुणा वाचून पोट भरणारा माणूस तो. त्यानं बोट दाखवायची खोटी होती. हात बांधलेले होते, पण हनुवटीनं दाखवता आलं असतं.

त्यानं नजर काढून घेतली. “न्हवते गुरुजी,” तो म्हणाला. “म्या येकलाच हुतो.”

“बघा!” हवालदार म्हणाला.

शाळेत जाऊन मी दुसरीला शुद्धलेखन घातलं. मधल्या सुट्टीत वही काढली, शेवटच्या रकान्यातलं नाव ब्लेडनं खरवडलं आणि वर ‘कोणी नाही’ लिहिलं. दिव्यासमोर धरलं तर कागद तिथं पातळ दिसतो. प्राध्यापकांनी धरला नाही.

त्याला सहा महिन्यांची सजा झाली. हजेरी चुकवली आणि चोरी केली, दोन्ही धरून. त्याचं पाल आठवड्याभरात उठलं. बायको मुलीला घेऊन भावाकडे गेली, गाय कुठं गेली ते कळलं नाही. शेळ्या त्या शेतकऱ्याच्या पुतण्यानंच नेऊन बाजारात विकल्या होत्या. हे पावसाळ्यात सगळ्या गावाला माहीत झालं आणि कोणी बोललं नाही. कोण बोलणार? पहिलं बोलायला हवं होतं ते मी.

नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसलो, अशी समजूत मी करून घेतली होती. ती अर्धीच खरी आहे. एका दिवसाच्या खोट्या रजेपायी हेडमास्तर फार तर रागावले असते. माणूस भला होता. मला भीती वाटली ती त्या हशाची. गाईच्या पोटाआड वाकून चालणारा गुरुजी, पारध्याच्या हातची भाकरी खाणारा गुरुजी. माझ्या डोळ्यांसमोर ते हसणारे चेहरे होते, आणि ते त्याच्याकडून माझ्याकडे वळतील एवढंच मला सोसवत नव्हतं.

आणखी एक. त्यानं मला वाचवलं, असं मी बरीच वर्षं मनात धरून होतो. मोठ्या मनाचा माणूस, मैत्रीला जागला, वगैरे. तेही माझ्या सोयीचं होतं. आता वाटतं, त्याला नुसता अनुभव होता. गुरुजी खोटं बोलतात असं म्हटलं असतं तर आणखी मार बसला असता. त्यानं माझ्या धोतराकडे पाहिलं, हिशेब केला आणि सोडून दिलं.

दिवाळीच्या आधी तो सुटून आला. पाल पुन्हा माळावर लागलं, सकाळ-संध्याकाळ ‘हाय’ पुन्हा ऐकू यायला लागलं. मी ओट्यावर असलो की आत जायचो. थंडीत करकोचे आले, मी लांबूनच पाहिले. फाल्गुन लागला तसा माझा जीव राहीना. एका रविवारी एकटाच थोरल्या तळ्यावर गेलो. काठ रिकामा होता. नुसती विष्ठा आणि पिसं.

तो बांधावर बसलेला होता. गाय नव्हती. मी जवळ गेलो तरी त्यानं मान वळवली नाही. वाटलं, बोलायचं नसेल. मग कळलं की त्याला ऐकू आलं नव्हतं. मी पुढं आल्यावर दचकून उठला.

“गुरुजी.”

मला बोलायचं होतं. वर्षभर जुळवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. आणि मी विचारलं, “गेले का?”

“औंदा कालच गेली. लई न्हवती. बारा-तेरा विसा.” मग आपणहून डाव्या कानाला हात लावला. “ह्यो गेला ठाण्यात. दुसऱ्यानं बी कमीच येतंय. आवाज न्हाई आला मला. मी खाली बघत हुतो. रानावरनं सावल्या गेल्या, मंग वर बघितलं.”

तो गावाच्या वाटेला लागला. हजेरीला वेळ होता, तरी लागला. दहा पावलांवर थांबून म्हणाला, “तुमी न्हवता.” त्यात टोमणा नव्हता. पाखरांबद्दलच म्हणाला होता. मी नसताना गेली, एवढंच.

खोलीवर येऊन मी वही काढली. ‘करकोचे गेले. सुमारे अडीचशे. सोबत: कोणी नाही.’ न पाहिलेले करकोचे मी पाहिले म्हणून लिहिले. सांगणाराचं नाव नाही. त्याच वैशाखात मी बदली मागून घेतली. पुढं तो कायदा उठला, हजेऱ्या बंद झाल्या. मी त्याचा शोध घेतला नाही.

परवा प्राध्यापकांना कार्ड टाकलं. दोन नोंदी दुरुस्त करून घ्या म्हणून कळवलं. पहिल्या पानावर सोबत होती, आणि मोजणी माझी नाही. दुसऱ्या पानावर मी नव्हतोच, नोंद दुसऱ्याची आहे.

त्यांचं उत्तर आलं आहे. आनंदानं दुरुस्ती करतो, त्या गृहस्थांचं पूर्ण नाव कळवावं, असं लिहिलंय.

कार्ड तीन दिवस टेबलावर आहे. मला त्याचं नुसतं नाव माहीत आहे. बापाचं नाव पाटील रोज दोनदा पुकारत होते, भिंतीपलीकडे, मी शिकवत असताना. ते काही केल्या आठवत नाही.